दुसऱ्याची खूण

सोमवार, ३ मार्च

प्रिय धाकट्या,

सतरा जिने, त्यातले चार गोल. वाचनालयातली सरकती शिडी, जी आजही एका बोटाने ढकलली तरी चालते. दवाखान्यातलं औषधांचं कपाट. कितीही दमट हवा असली तरी त्याचा एक खण कधी अडकलेला नाही. चर्चमधले सगळे बाक, आणि पाळकसाहेब ज्यावर कोपर टेकून प्रवचन देतात ते व्यासपीठ. आईची खुर्ची. तुझ्या लग्नातला पलंग, तुझ्या मुलीचा पाळणा. बाबांची शवपेटी. ती एका दिवसात करायची होती, तरी मी तिला आतूनही रंधा मारला. "आत कोण बघणार आहे, दादा?" असं तू रडत रडत विचारलंस, आणि मी म्हणालो, "बाबा बघतील."

हे सगळं मी या दोन हातांनी केलं. यादी मुद्दाम दिली आहे. मागच्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये सगळ्या कमिटीसमोर तू म्हणालास, "दादाने आयुष्यात एकच गोष्ट घडवली, ती म्हणजे दुसऱ्याची चूक." लोक हसले. सेक्रेटरींनी तर टेबलावर थाप मारली. मी हसलो नाही, कारण वाक्य झकास जमलं होतं आणि ते माझं नव्हतं.

उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं, ते आज देतो. वर लिहिलेली कुठलीही वस्तू उलटी करून बघ. पोटाशी एक खूण सापडेल, पटाशीच्या कोपऱ्याने मारलेली दोन टिंबं. ती खूण माझी नाही, तुझी आहे. शवपेटीवरही आहे, पण ती आता कोणी उलटी करणार नाही.

हे कुणी सुरू केलं ते आठवतं ना? आपल्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. लोकांनी टाकून दिलेल्या मोडक्या खुर्च्या उकलून उकलून सुतारकाम शिकत होतो. शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून एकमेकांना शिव्या घालत शिकलो. माझं स्टूल चांगलं की तुझं, यावरून डोकी फुटायची वेळ आली तेव्हा आई हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "स्वतःचं चांगलं आहे हे गाढवही सांगेल. त्याचं तू मोडून दाखव, तुझं तो मोडेल. जे मोडणार नाही ते देवापुढे ठेवा." तेव्हापासून तू केलेलं मी मोडायला बघायचं, मी केलेलं तू. त्याला लोंबकळायचं, झुलायचं, उड्या मारायच्या, सख्ख्या भावाची भीडभाड न ठेवता. करणाऱ्याने शेजारी उभं राहून निमूट बघायचं. नाही मोडलं तर मोडणाऱ्याने आपली खूण करायची. करणाऱ्याने स्वतः कधीच नाही. आपल्या दुकानातून बिनखुणेची वस्तू बाहेर गेली नाही.

एक गेली.

चर्चमध्ये गाणाऱ्यांनी उभं राहायच्या गॅलरीसाठी कमिटीने दोघांचे नमुने मागवले, तेव्हा माझ्या गॅलरीला पुढून दोन खांब होते. तुझी भिंतीतून निघून अधांतरी पुढे आलेली, खाली फक्त पाच तिरके टेकू, आणि शेवटच्या बाकावरूनही वेदी आडपडद्याशिवाय दिसणार होती. तुझी निवडली. माझ्यापेक्षा देखणी होती, हे मी आजवर कोणाजवळ बोललेलो नाही. फक्त एवढंच म्हणालो, की काम पुरं झालं की आधी मला झुलू दे. त्यावर तू म्हणालास, "जिंकलेली वस्तू हरलेल्याच्या हातात मोडायला द्यायची नसते." मग ते वाक्य, मग तो हशा. काम पुरं करून तू गाव सोडलंस आणि फोन उचलणंही सोडलंस.

आता कामाचं. काल उपासनेत दुसऱ्या गीताला गाणारे उभे राहिले, तेव्हा गॅलरीतून आवाज आला. बोट मोडल्यासारखा. एकदाच. दाराजवळचा पहिला टेकू.

त्याच्या खालच्या बाकावर आई बसते.

तुझा,
दादा


गुरुवार, १३ मार्च

धाकट्या,

माझंच पत्र परत आलं. शेवटच्या ओळीखाली तुझ्या पेन्सिलीने दोन शब्द, "जळू नकोस." पेन्सिलीला टोक नव्हतं. बोथट पेन्सिलीची रेघ जाड येते आणि जाड रेघेवर माप चुकतं. पूर्वी तू माझी पेन्सिल सुद्धा तासून द्यायचास.

जळतो, मान्य. दर रविवारी आत शिरताना मान आपोआप वर जाते. तुझ्या कठड्याची नक्षी बघत राहतो. पण जळणाऱ्याला आवाज ऐकू येत नाहीत असं थोडंच आहे? तरी तुझ्या शब्दांनी एक काम केलं. माझा माझ्या कानांवरचा विश्वास गेला. पियानो वाजवणाऱ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या, "आवाज? मला तर त्या चाळीस गळ्यांपुढे माझा पियानोही ऐकू येत नाही." आईला विचारलं. ती म्हणाली, "लाकूड आहे, बोलणारच. तुझ्या खुर्चीत मी बसते तेव्हा ती काय कमी कुरकुरते?" (कुरकुरत नाही. मी लगेच जाऊन तपासली.)

मी म्हणालो, आई, पलीकडच्या बाजूला बसत जा. ती म्हणाली, "माझ्या धाकट्याने केलंय ना वर? मग मी खाली बसणार. पडलं तर परक्याचं तरी नाही पडणार." आणि हसली. तिला वाटलं तिने विनोद केला.

आत आंधळी पाचर आहे ना रे? न बघताही मला ठाऊक आहे, कारण बाहेर खिळा दिसत नाही की बोल्ट. टेकूच्या डोक्याला भोकात बसणारं कुसू, कुसवाच्या टोकाला चीर, चिरेत पाचर. वरच्या तुळईच्या भोकात ठोकलं की पाचर आतल्या आत कुसू फुलवते, आणि मग ते बाहेर येत नाही. आपणच शोधून काढलेली युक्ती, बाहेरून कोणाला कळणार नाही अशी. जिन्यात ती जन्मभर धरून ठेवते, कारण जिन्यावरचा माणूस खाली दाबतो. गाणारा माणूस दाबत नाही, डोलतो. चाळीस माणसं एका ठेक्यात डावी-उजवी झाली की कुसू तसूतसूने बाहेर चालायला लागतं, दातासारखं. आपण झुलून का बघायचो? उगाच माकडासारखे?

इंजिनिअर मॅडमना भेटलो. त्यांनीच नकाशा तपासून सही केली होती. बाई सरळ आहेत. म्हणाल्या, "नकाशात कुसू आहे आणि कुसवाचं माप बरोबर आहे. आत पाचर आहे की नाही, हलते की नाही, हे मला लाकूड चिरून दाखवा, मग मी लगेच कागद देते." लाकूड चिरायला कमिटीची परवानगी हवी. परवानगीला कारण हवं. आणि कारण म्हणजे माझे कान.

म्हणून आज दुपारी शिडी लावून टेकू आणि तुळई जिथे भेटतात तिथे कागदाची पातळ पट्टी आडवी चिकटवून आलो. सांधा हलला तर कागद फाटेल. न हलला तर मी वेडा. चर्चचे रखवालदार, आपले खोकलेकाका, खाली शिडी धरून उभे होते.

"काय शोधताय एवढं?"

"आवाज."

"आवाज वर असतो होय? आम्ही तर जन्मभर खालीच ऐकला. सेक्रेटरींचा."

कागद रविवारपर्यंत तसाच राहील.

दादा


सोमवार, १७ मार्च

धाकट्या,

फाटला.

आधी त्याच्या आधीचं सांगतो. काल उपासनेत पाळकसाहेब स्पर्धेवर बोलले. तीस तारखेला चार चर्चच्या गायकवृंदांची आपल्याकडे गाण्याची स्पर्धा आहे, तुला कळलं असेलच. त्यासाठीच ते म्हणाले, की शर्यत लावायला देवाची ना नाही. शेजारी धावणारा असला की आपले पाय खरे किती धावतात ते कळतं, म्हणून शेजारचा धावणारा ही देणगी आहे. पण धावताना मान वळवून त्याच्याकडे बघत राहिलं की ठेच ठरलेली. मग ते देवापुढे अर्पण घेऊन आलेल्या बायबलमधल्या त्या पहिल्या दोन भावांबद्दल बोलले. म्हणाले, ज्याचं अर्पण स्वीकारलं गेलं नाही, त्याने वर बघून एकदा तरी विचारायचं होतं, की माझ्यात काय कमी आहे. त्याने शेजारी बघितलं. मग त्याने भावाला शेतात बोलावलं आणि तिथे त्याचा जीव घेतला.

मी मान खाली घातली होती. लोकांना वाटलं असेल प्रार्थना करतोय. करतच होतो. काय मागितलं ते लिहितो, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. मी म्हणालो, प्रभू, कागद फाटलेला असू दे.

आई त्याच्या खाली बसली होती, रे. मुलं वर गात होती. आणि मी हे मागितलं.

उपासना संपल्यावर शिडी लावली. पट्टी मधोमध फाटली होती, दोन्ही कडा एकमेकींपासून नखभर दूर. माझी कुठली प्रार्थना इतक्या लवकर कधी ऐकली गेली नव्हती. ती नक्की कोणी ऐकली, याची मला कालपासून भीती वाटते आहे.

तडक पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी कागद हातात घेतला, उजेडात धरला.

"तुम्हीच चिकटवला, तुम्हीच काढला?"

"हो."

"मग लोक काय म्हणतील, दादा?"

"मीच फाडला म्हणतील."

"फाडलात का?"

मी म्हणालो, नाही. पण माझ्या तोंडून ते लगेच निघालं नाही, आणि ते त्यांनी बघितलं. मग त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण कमिटीला माझ्या विश्वासावर स्पर्धा रद्द करता येणार नाही. सेक्रेटरींशी बोला." सेक्रेटरींशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे त्यांनाही माहीत आहे.

तू ये. तुझी वस्तू आहे. तू एक शब्द बोललास तर सगळे ऐकतील. स्पर्धेत पहिले छोट्यांचे वृंद आहेत. पाय आपटत गातात ती पोरं.

दादा


रविवार, २३ मार्च

धाकट्या,

तुझ्या बायकोचा फोन आला होता. चोरून केला असावा, कारण आवाज बारीक होता. म्हणाली, "दादा, ते पत्रं वाचतात. वाचून खिशात ठेवतात आणि बोलत नाहीत." मी विचारलं, काम काय चाललंय? म्हणाली, शाळेचं स्टेज. भिंतीतून पुढे आलेलं, खाली खांब नसलेलं. मुख्याध्यापकांनी आपल्या चर्चमधली गॅलरी बघून तुला दिलं.

मी तिला पुढे काही विचारलं नाही. ती बिचारी काय सांगणार, आत कुठली पाचर आहे ते.

पण इथे बाहेरून काय दिसतं ते मी सांगू शकतो. तू जे जे बांधशील त्यावर आता कोणाचीच खूण नसेल. लोक वाहवा करतील. वाहवा करणारा झुलून बघत नाही.

गुरुवारी सेक्रेटरींनी दुकानात बोलावलं. तुला त्यांचं फरशांचं दुकान माहीत आहे. बसायला खुर्ची एकच, आणि ती त्यांची. मला चहा मागवला, म्हणजे काहीतरी हवं होतं. मी आवाजाचं सांगितलं, कागदाचं सांगितलं. ते सगळं ऐकत होते, मध्येमध्ये मान हलवत होते. मला वाटलं होतं नाकाने कांदे सोलतील. तसं काही नाही. म्हणाले, "मला तुमचं खरं वाटतं."

ते ऐकून मला जास्त भीती वाटली.

म्हणाले, "पण तीस तारीख आता हलत नाही. चार मंडळ्या येणार, निमंत्रणं गेली. एक वर्ष टिकली, एक रविवार टिकणार नाही?" आणि मग त्यांनी मला काहीतरी देऊ केलं. काय ते आज लिहीत नाही. पुढे लिहीन. एवढंच सांगतो, की गेलं वर्षभर झोपण्यापूर्वी मी जे जे मनात बांधत होतो, ते सगळं त्यात होतं.

मी तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो, रविवारपर्यंत विचार करतो.

आज रविवार. आई तिच्या जागी बसली, उशी पाठीशी नीट सारून. मी पलीकडच्या बाकावर. दुसऱ्या गीताला आवाज दोनदा आला. दुसऱ्यांदा आल्यावर वरून थोडा भुसा पडला, चिमूटभर, उजेडात तरंगत, आणि आईच्या केसांवर बसला. तिने हाताने झटकला आणि गात राहिली. ती कायम पट्टी सोडून गाते, तरी मोठ्याने.

बाहेर पडताच दारातच सेक्रेटरींना नाही म्हणालो. ते म्हणाले, "हरलेला माणूस पैलवान असो की सुतार, रिंगण सोडत नाही." लोक ऐकत होते. मी आईचा हात धरून पायऱ्या उतरलो. झाकली मूठ त्यांचीही झाकलेलीच राहिली.

शनिवारी मी मोडून बघणार आहे. रीतीप्रमाणे. खोकलेकाका किल्ली देतो म्हणालेत. मोडताना करणाऱ्याने हजर राहायचं असतं. सकाळच्या बसने ये. नाही मोडली तर मी सगळ्यांसमोर माझी खूण करेन, हॉलमध्ये उभा राहून माफी मागेन आणि पुन्हा कधी वर बघणार नाही.

दादा


शनिवार, २९ मार्च, सकाळी, चर्चमध्ये

बस येऊन गेली. तू उतरला नाहीस.

हे व्यासपीठावर कागद ठेवून लिहितो आहे. दुपारची बस आहे अजून. काल मी आणि खोकलेकाकांनी वाळूची पोती वर चढवली, चाळीस गाणाऱ्यांच्या वजनाची. पोती सेक्रेटरींच्याच दुकानातून मागून आणली. कशाला, ते त्यांनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. रात्रभर वजन नुसतं उभं होतं. टेकूंनी हूं की चूं केलं नाही. आंधळी पाचर दाबाला मजबूत आहे, मी म्हटलंच होतं.

पाचही टेकू जवळून बघितले. तुझ्या हाताला तोड नाही. तिसऱ्या टेकूच्या लाकडाच्या रेषा तुळईच्या रेषांना अशा मिळवल्यास की एकच झाड वाटावं. हे मला कधी जमलं नाही. मी तासतासभर मोजतो तेव्हा कुठे बरोबर येतं. तुला नजरेने येतं. लहानपणापासून येतं. मी जास्त मोजायला शिकलो ते तुझ्यामुळेच, नाहीतर आळशी होतो.

आई आली आहे. तिला कोणी सांगितलं कळत नाही. काकांचा खोकला सगळीकडे पोचतो. दारात उभी आहे.

दुपारची बस येईपर्यंत थांबतो.


रविवार, ६ एप्रिल

धाकट्या,

अक्षर वाईट आहे, डाव्या हाताचं आहे. उजवा प्लास्टरमध्ये आहे. दवाखान्यात डॉक्टर मनगटाबद्दल भरपूर बोलायचे. बोटांबद्दल विचारलं की दुसऱ्या खाटेकडे जायचे.

दुपारच्या बसनेही तू आला नाहीस. मी काकांना म्हणालो, आता काय करायचं, करणारा हजर नाही, रीत मोडते. तर आई दारातून म्हणाली, "करणाऱ्याला मीच केलंय. मी हजर आहे. चढ."

मग आली आणि आपल्या बाकावर जाऊन बसली! मी वरून ओरडलो, "आई, ऊठ तिथून!" म्हणाली, "मी काय परकी आहे?" मी म्हणालो, "तू उठेपर्यंत मी हात लावणार नाही." काका म्हणाले, "माई, उठा, नाहीतर हा बाबा रात्रीपर्यंत शिडीवर राहील आणि मला किल्ली जागेवर ठेवायची आहे." तेव्हा उठली. उशीही उचलली. जाताना बाकावरून हात फिरवला, मी केलेल्या बाकावरून, आणि दारात जाऊन उभी राहिली.

मी पहिल्या टेकूच्या वरची तुळई दोन्ही हातांनी धरली आणि सुटलो. लहानपणासारखा. फरक एवढाच की तेव्हा खांदे दुखत नव्हते. झुललो, पण ठेका सापडेना, माझा एकट्याचा झोका वेगळा आणि गाणाऱ्यांचा वेगळा. तेव्हा आईने दारातून दुसरं गीत सुरू केलं. मोठ्याने, पट्टी सोडून. काकांनी जमिनीवर पायाने ताल धरला. आणि मी त्यावर डावीकडे, उजवीकडे. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. मला वाटायला लागलं की धरतेय. खरं सांगतो, मी म्हणालो, प्रभू, धरू दे. यावेळी मी ते मागितलं.

तिसऱ्या कडव्यात बोट मोडल्यासारखा आवाज आला. मग लगेच दुसरा. मग आवाज नव्हता, मीच खाली होतो, आणि पोती धपाधप येत होती. पहिला टेकू कुसवासकट बाहेर आला. दुसरा उभा चिरला. पुढची अर्धी गॅलरी वाकून बाकांवर बसली. आईचा बाक आता दोन ठिकाणी मोडलेला आहे. माझा बाक म्हणून थोडा टिकला, नाहीतर चुरा झाला असता.

गाणं थांबलं नव्हतं. आई शेवटची ओळ पूर्ण करून मगच किंचाळली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी अंगणात गायलं. पाय आपटले, धूळ उडाली, बक्षीस कोणाला मिळालं मला माहीत नाही. त्याच संध्याकाळी इंजिनिअर मॅडम दवाखान्यात आल्या, निघालेलं कुसू पिशवीत घेऊन. माझ्या खाटेवर ठेवलं. पाचर आत घासून गुळगुळीत झाली होती, नदीतल्या दगडासारखी. त्या म्हणाल्या, "हे मला कुठल्या नकाशात दिसलं असतं?"

बुधवारी दवाखान्यातून सोडलं तेव्हा आधी चर्चमध्ये गेलो. तिसरा, चौथा आणि पाचवा टेकू जागच्या जागी आहेत. काकांनी त्यांना लोंबकळून बघितलं, माझ्याच्याने होत नव्हतं. अख्खी दुपार खोकत झुलत होते म्हातारे. हलले नाहीत. तिघांवरही मी डाव्या हाताने माझी खूण केली. वाकडी आली आहे, पण माझी आहे. तिसऱ्यावर जरा जास्त वेळ थांबलो.

आता तुझ्या स्टेजचं. तुझ्या बायकोने काल सांगितलं, येत्या शुक्रवारी मुलांचं नाटक आहे, नाचही आहे त्यात. आणि तू अजूनही बोलत नाहीस. माझं पडणं तुला कळलं, तेव्हा तू म्हणे म्हणालास, "पोती टाकून कोणीही पाडेल. दादाला पाडायचीच होती."

म्हणून हे पत्र. स्टेजवर शुक्रवारी कोणाला चढू देऊ नकोस. मी बसने येतो; झुलायला मला एक हात पुरेल, आणि नसेल पुरत तर तू झूल आणि मी बघतो. आजवर कधी उलटं केलं नाही, पण रीत आईने घालून दिली, तीच मोडायला परवानगी देईल. टिकलं तर माझी खूण त्यावर राहील, आणि कोणाच्याही वाहवेपेक्षा ती जास्त टिकेल, हे तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

मला पाडायचीच होती असं तुला वाटतं. एका रविवारी तेही होतं, ते मी लिहून दिलंय तुला, सतरा मार्चच्या पत्रात. तेव्हा आता ते दुसरंही वाच, जे तेव्हा लिहिलं नाही. फुशारकी म्हणून नाही. मोजणाऱ्या माणसाकडे पुराव्याला हेच आहे.

सेक्रेटरींच्या दुकानात, चहाचा कप अर्धा झालेला असताना, त्यांनी मला हे देऊ केलं. तीस तारखेपर्यंत तोंड उघडायचं नाही. स्पर्धा होऊ द्यायची. एप्रिल लागला की दुरुस्तीच्या नावाखाली तुझी गॅलरी उतरवायची आणि तिच्या जागी माझ्या नमुन्याची बांधायची, दोन खांबांची. तुझ्या नावाची पाटी काढायची, माझ्या नावाची पितळी बसवायची. लाकूड चर्चचं, माणसं चर्चची. आणि माझ्या हातात, निम्मे आगाऊ, चार लाख ऐंशी हजार.

मी नाही म्हणालो. चार लाख ऐंशी हजार.